बडे बाबूंचा डावा कान

कान दोन असतात ते एक बिघडला तर दुसऱ्यावर भागवता यावं म्हणून, अशी आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसांची पक्की समजूत आहे. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी केली, पण ही समजूत काही मला मोडता आली नाही. दात दुखला की माणूस दुसऱ्या दिवशी येतो. पाय मुरगळला तर त्याच दिवशी. कान वाहायला लागला की मात्र पाच वर्षांनी येतो, आणि आल्यावर म्हणतो, "तसं काय न्हाय हो बाई, जरा वास येतोय म्हणून आलो."

मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगते. दारावर 'क्ष-किरण तंत्रज्ञ' अशी पाटी होती, पण ती कुणी वाचली नाही. मी फोटूवाली बाई. माहेर आमच्या जिल्ह्यातल्या वाशीचं, नोकरीही जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण तिथली बरीच माणसं अजून तिथंच आहेत आणि त्यातल्या काहींना दिवाळी अंक वाचायची सवय आहे. माझं काम एवढंच, की फोटो काढायचा आणि डॉक्टरांपुढं ठेवायचा. त्यात काय दिसतं ते बोलायचं नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. माझ्यासारख्या बोलक्या बाईला ही जन्मठेपच होती.

आता कानाचा फोटो म्हणजे काय ते सांगते. कानाच्या पाळीमागं बोट लावून बघा. टणक उंचवटा लागतो. वरून दगडासारखा वाटतो, पण आतून तो पोकळ असतो. आत हवेच्या बारीक बारीक खोल्या असतात, एकीला लागून एक. चांगल्या जमलेल्या अनारशाला जाळी पडते ना, तसं ते हाड फोटोत दिसतं. हवा काळी, मधल्या भिंती पांढऱ्या. या खोल्यांची वाट पुढं कानाच्या पडद्यामागं उघडते. म्हणून कानात पू झाला आणि तो तसाच मुरू दिला, की तो मागच्या खोल्यांत शिरतो. मग जाळी दिसत नाही, नुसता पांढरा ढग दिसतो. लहानपणापासून कान फुटलेला असेल तर जाळी धरतच नाही, हाड घट्ट राहतं. आणि काहींच्या कानात याहून वाईट प्रकार होतो. कातडीचा पापुद्रा आत वळतो, तिथं त्याची पुरचुंडी होते आणि ती वाढत वाढत हाड खाते. तो कॅन्सर नसतो. दुखतही नाही फारसं. घाण वास तेवढा येतो. या हाडाच्या वर मेंदू आहे, आतून तोंडाची नस जाते, शेजारी तोल सांभाळायचं यंत्र आहे. म्हणजे घराला वाळवी लागावी आणि ती नेमकी तुळईलाच.

हा फोटो काढायला मला जेवढा त्रास झाला तेवढा छाती, पोट, गुडघा सगळे मिळून झाला नसेल. माणसाला कुशीवर निजवायचं, दुखरा कान टेबलाला टेकवायचा, पाळी पुढं दुमडून चिकटपट्टी लावायची, नाहीतर तिची सावली हाडावर येते. वरचं यंत्र पायाकडं तिरकं करायचं. मग दुसऱ्या कानाचंही तेच, कारण चांगलं हाड शेजारी असल्याशिवाय वाईट किती वाईट ते कळत नाही. इथं भांडण ठरलेलं. "दुखतोय हा, आन् फोटू त्याचा कशापायी?" पाळी दुमडली की म्हातारे म्हणायचे, "शाळंत मास्तरनं बी एवढा पिरगाळला न्हवता." एक बाई बुगडी काढायला तयार होईना, लग्नापासून काढली नव्हती म्हणे, साबण लावून अर्धा तास ती आणि मी तिच्या कानाशी झटलो. एकाला मी बजावलं, दादा, आता हलायचं नाही, बोलायचं नाही. 'हो' म्हणाला, आणि मी बटण दाबायला आत गेले तोवर त्याचा मोबाइल वाजला. आडव्या आडव्या त्यानं उचलला. "हां बोल. कायी न्हाय, डोक्याचा फोटू चाललाय. बोल तू."

कानात काय काय घालून येतात ते विचारूच नका. कोमट तेल तर सगळेच. लसूण, कांद्याचा रस, रुईचा चीक, शेळीचं दूध. माकणीकडच्या एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरचं ऑइल सोडलं होतं. का, तर म्हणाला, "गच्च झाल्तं बाई. वंगण घातलं की सुटंल म्हणलं." मी कपाळाला हात लावला. पण या सगळ्यांवर मी मनमुराद चिडू शकत होते, कारण ती बिचारी दवाखान्याबाहेरची माणसं. खरी चीड मला ज्या कानाची आली तो आमच्या दवाखान्यातच, माझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर बसायचा.

दिगंबरराव आमचे बडे बाबू, म्हणजे कार्यालयाचे मुख्य कारकून. रजा, बदल्या, साहित्याची मागणी, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. तुळजापूरच्या एका जुन्या कारकुनी घराण्यातले. रोज एसटीनं यायचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी टोपी आणि डाव्या कानात अत्तराचा फाया. ते आले की व्हरांड्यात हीनाचा दरवळ सुटायचा. कुणी विचारलं की म्हणायचे, "आमच्या आजोबांपासूनचा शौक आहे." डेटॉल आणि फिनाइलच्या वासात दिवस काढणाऱ्या आम्हा बायकांना त्याचं कौतुकच होतं.

माणूस मात्र महाखडूस. त्यांच्या टेबलाची डावी बाजू दाराकडं. दारातून येऊन कुणी "साहेब, अर्ज" म्हटलं तर ते मान वर करायचे नाहीत. दोनदा म्हणा, तीनदा म्हणा, लिहीतच बसायचे. माझ्या भाचीच्या लग्नाला मला चार दिवस वाशीला जायचं होतं. मी दारापाशी उभी राहून रीतसर सगळं सांगितलं. उत्तर नाही. मी भडकले, "माणसाशी बोलतेय मी, भिंतीशी नाही!" तेव्हा त्यांनी दचकून वर पाहिलं आणि म्हणाले, "ओरडता कशाला मॅडम? हे कार्यालय आहे."

बाहेर गुलाबमामा बसले होते, आमचे शिपाई. ते हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी नव्यासारखं काय करता? टेबलाला वळसा घालून उजवीकडनं जावा. उजवीकडनं मागितलं की देतेत. डावीकडनं ऐकत न्हाईत ते."

मी वळसा घालून गेले. चारही दिवसांची रजा मिळाली.

ही गोष्ट दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. कुणी म्हणायचं, वास्तुशास्त्र पाळतात. कुणी म्हणायचं, डावीकडून बोलणं त्यांना अपशकुनी वाटतं. त्यावर विनोद व्हायचे, मीही केले. तिथं डॉक्टर होते, नर्सा होत्या, कानाचे फोटो काढून म्हातारी होत चाललेली मी होते. माणूस एका कानानं बहिरा आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आठवलं की अजून माझी मलाच चीड येते.

पुढं आमच्याकडं फोटो उगाच फार काढले जातात अशी वरून तंबी आली, म्हणून दिगंबररावांनी परिपत्रक काढलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एकही एक्स-रे काढला जाणार नाही. काढल्यास संबंधित तंत्रज्ञास जबाबदार धरण्यात येईल. 'संबंधित तंत्रज्ञ' म्हणजे सबंध इमारतीत मी एकटी. मी ते चिकटवून ठेवलं, यंत्राच्या अगदी समोर.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी, रांग संपल्यावर दिगंबरराव माझ्या खोलीत आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच आत आले असतील. इकडंतिकडं पाहिलं, यंत्राला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, एक फोटो काढायचा होता. डोक्याचा. जरा कानाच्या बाजूचा."

"कुणाचा?"

"आहे एकाचा. नोंद नको करायला."

मला वाटलं, हा माणूस मला पकडायला आलाय. परिपत्रक पाळते की नाही ते बघायला. मी उठले, भिंतीवरचा कागद दाखवला आणि त्यांच्याच भाषेत, एकेक शब्द तोडत वाचला. "काढल्यास संबंधित तंत्रज्ञास जबाबदार धरण्यात येईल. सही तुमचीच आहे ना साहेब?"

ते हसले. "वा. बरोबर आहे," म्हणाले, आणि गेले. मी इतकी खूष झाले म्हणून सांगू! चहाच्या वेळेला सिस्टरांना सगळा प्रसंग नक्कल करून दाखवला.

पुढचे आठ-दहा महिने मला काही दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसत होतं. दिगंबरराव जिना उतरताना कठड्याला धरायला लागले. फाया बदलताना बोटानं आत दाबायचे आणि त्या क्षणी दुसऱ्या हातानं टेबल घट्ट पकडायचे, जणू खोली फिरतेय. एकदा व्हरांड्यात चालता चालता भिंतीला जाऊन टेकले. सरळ माणसाबद्दल लोक काय बोलतात? "बडे बाबू घ्यायला लागले वाटतं." हेही मी ऐकलं आणि गप्प बसले. अत्तर जास्त उग्र झालं होतं, आणि त्याच्याखाली आणखी एक वास होता जो मला चांगला ओळखीचा होता. पण माझ्या खोलीतून रोज तसले कान जायचे, तो वास माझ्याच नाकात बसलाय असं मी धरून चालले.

मग तो सोमवार आला. अकराच्या सुमारास दवाखान्यापुढं एक जीप थांबली. दिगंबरराव उतरले, मागून त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी आणि वहिनींचे भाऊ. दिगंबररावांचं तोंड उजवीकडं ओढलं गेलं होतं. डावा गाल लोंबत होता, डावा डोळा मिटत नव्हता, त्यातून पाणी गळत होतं. हातात कागद.

मी पळत गेले. "काय झालं हो?"

"तोंडावरनं वारं गेलं," वहिनींचे भाऊ म्हणाले. "काल सकाळी उठले ते असेच. लकवा आहे. एका गावाला तेल देणारा माणूस आहे, तिकडंच निघालोय. मालिश केली की सात दिवसांत सरळ होतं म्हणतात."

"मग इथं कशाला थांबलात?"

"रजेचा अर्ज द्यायचाय म्हणाले."

तोंड वाकडं झालेला माणूस दवाखान्यात आला होता, तो रजेचा अर्ज द्यायला! हसावं की रडावं तेच कळेना. चारी बाजूंनी डॉक्टर, आणि हे मधून अर्ज घेऊन कार्यालयाकडं चाललेले. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि तेव्हा त्यांचा डावा कान अगदी माझ्या तोंडासमोर आला. फाया पिवळा झाला होता. हीनाखालचा तो वास आज काही लपत नव्हता.

"साहेब, हा फाया काढा."

ऐकलं नाही. मी वळसा घालून उजव्या बाजूला गेले आणि तेच परत म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आजूबाजूला गुलाबमामा, दोन सिस्टर, पाच-सहा रुग्ण. "कशाला?" ते म्हणाले. ओठ नीट मिटत नसल्यानं शब्द घसरत होता. "शौक आहे तो."

"साहेब, तो शौक नाही. माझ्या खोलीत चला."

माझ्या आवाजात काय होतं देव जाणे, पण ते आले. वहिनींना आत घेतलं, भावाला बाहेर ठेवलं, दार लावलं. स्टुलावर बसल्यावर बराच वेळ ते टोपी हातात फिरवत राहिले. मग एकदम बोलायला लागले.

सात वर्षांचे असताना गोवर झाला, त्यात कान फुटला. तेव्हापासून वाहतोय. कधी बंद होतो, परत येतो. शाळेत मुलं शेजारी बसायची नाहीत. कॉलेजात असताना तुळजापूरच्या अत्तरवाल्याकडून पहिला फाया घेतला. वास दबला, आणि लोक शौकीन म्हणायला लागले. नोकरीला लागताना तपासणारानं समोरून विचारलं, यांनी समोरून उत्तरं दिली, निभावलं.

"अहो, पण नोकरी दवाखान्यात करता तुम्ही!" मी म्हणाले. "दर गुरुवारी सोलापूरहून कानाच्या डॉक्टर येतात. तुमच्या खिडकीसमोर त्यांची रांग लागते."

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "केसपेपर काढला असता तर तो कुणाच्या हातातून गेला असता? आमच्याच कार्यालयातल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या दवाखान्याला कळलं असतं, बडा बाबू बहिरा आहे म्हणून. बहिऱ्याला कोण भितं मॅडम?" मग खाली बघत हळू म्हणाले, "हिलासुद्धा कधी सांगितलं नाही. बघायला गेलो तेव्हाही फाया होता."

सुनंदावहिनी इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. उशीचे अभ्रे कोण धुतं?"

दिगंबररावांनी मान वर केली. तो चेहरा मी विसरणार नाही. अर्धा चेहरा हलत नव्हता आणि उरलेल्या अर्ध्यावर तीस वर्षांचं ओझं एकदम कोसळत होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही अत्तर लावत होता ना. म्हटलं, नसेल सांगायचं."

मला दोघांनाही धरून हलवावंसं वाटलं. एकाच घरात, एकाच बिछान्यावर, तीस वर्षं. दोघंही एकमेकांची अब्रू सांभाळतायत आणि मधे ते हाड कुरतडलं जातंय.

मी चिठ्ठी मागितली नाही. त्यांना आडवं केलं, पाळी दुमडली, फोटो काढले. तोवर आमच्याकडं फिल्म धुवायची भानगड संपली होती, फोटो संगणकावर यायचा. उजवा कान आला. सुरेख जाळी, पुस्तकात छापावी अशी. मग डावा आला. जाळी नव्हती. घट्ट पांढरं हाड, आणि त्याच्या मधोमध एक काळा, गुळगुळीत कडांचा खड्डा. कुणीतरी चमच्यानं कोरून काढल्यासारखा.

त्या दिवशी ड्युटीवर असलेले डॉक्टर नवीन पोरगे होते. ते आले, फोटो पाहिला आणि सरळ म्हणाले, "मॅडम, मला यातलं फारसं कळत नाही. गुरुवारच्या डॉक्टरांना फोन करू या." ज्याला कळत नाही आणि जो तसं बोलतो, असा डॉक्टर मला फार आवडतो. गुरुवारच्या डॉक्टर म्हणजे डॉ. शिरीन, त्या एरवी सोलापूरला असायच्या. मोबाइलवर फोटो पाठवला. दोन मिनिटांत त्यांचाच फोन आला.

"त्यांना भुवया वर करायला सांगा. कपाळाला आठ्या पडतात का बघा."

दिगंबररावांनी भुवया उचलल्या. उजव्या कपाळाला आठ्या पडल्या. डावं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट.

"मग हे डोक्यातलं नाही," शिरीन मॅडम म्हणाल्या. "लकव्यात कपाळ हलतं. ही नस कानातच दाबली गेलीय. चक्कर येत होती का?"

"आठ-दहा महिने," मी म्हणाले.

त्या लगेच म्हणाल्या, "ऑपरेशन करावं लागेल. आज पाठवा. उद्या नाही, आणि गुरुवारची वाट तर अजिबात नाही. मेंदूला पू लागला तर मग कान राहील बाजूला."

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, अँब्युलन्स सांगितली. मी बाहेर आले तर वहिनींचे भाऊ जीपपाशी तयार. "चला, उशीर होतोय. तेलवाला दुपारनंतर भेटत नाही."

"त्यांना सोलापूरला न्यायचंय. कानाचं ऑपरेशन आहे."

"कानाचं?" ते माझ्याकडं बघतच राहिले. "बाई, वाकडं तोंड झालंय. माझ्या चुलत्याचं झालं होतं, तेलानंच सरळ झालं. तोंडाचं औषध कुठं कानात असतंय का? आणि तुम्ही कोण? फोटोवाल्या ना?"

हा प्रश्न मला एकतीस वर्षं विचारला गेला. एरवी मी गप्प बसले असते. त्या दिवशी मी त्यांना हाताला धरून आत नेलं, दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. "हा तुमच्या मेहुण्यांचा उजवा कान. हे हाड असं असतं. आणि हा डावा. हा जो खड्डा दिसतो ना, तिथं हाड होतं. हा अजून वर गेला की मेंदू. आता तेल कुठं चोळणार, सांगा. गालाला चोळणार की या खड्ड्यात ओतणार?"

ते फोटोंकडं वाकून बघायला लागले. बोलल्या वहिनीच. "दादा, तू जीप घेऊन घरी जा. मी यांच्याबरोबर जाते." अँब्युलन्समध्ये चढताना दिगंबररावांनी रजेचा अर्ज माझ्या हातात दिला. मी तो गुलाबमामांकडं दिला. ते डोळे पुसत होते. "आमी येड्यावानी उजवीकडनं जावा, उजवीकडनं जावा म्हणत बसलो," एवढंच म्हणाले.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. डॉ. शिरीनही त्यात होत्या. गुरुवारी आल्या तेव्हा त्यांनी मला सांगितलं, की मेंदू आणि कान यांच्या मधलं छत कागदाइतकं उरलं होतं आणि तोंडाची नस उघडी पडली होती. कानामागचं सगळं सडकं हाड कोरून काढलं, ती कातडीची पुरचुंडी काढली, नस मोकळी केली. तोंड बहुतेक सरळ होईल. डाव्या कानाला मात्र आता काही ऐकू येणार नाही.

"आठ-दहा महिने आधी आले असते तर?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कशाला विचारता?" म्हणाल्या. मी कारण सांगितलं नाही.

ते कारण सांगायला महिनाभरानं मी तुळजापूरला त्यांच्या घरी गेले. डोक्याला पट्टी, तोंड बरंच सरळ, डोळा जेमतेम मिटत होता. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी उजव्या बाजूला बसले आणि सगळं बोलून टाकलं. त्या दुपारी मी तुम्हाला तुमचंच परिपत्रक वाचून दाखवलं, मला वाटलं तुम्ही पकडायला आलात, मी सिस्टरांपुढं नक्कल केली, मला माफ करा.

दिगंबरराव म्हणाले, "मॅडम, तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. परत जाताना पायरी हलकी वाटली. खरं सांगू? मी तुमच्याकडं नकार घ्यायलाच आलो होतो. तुम्ही देणार हे माहीत होतं. म्हटलं, आपण प्रयत्न केला, झालं नाही."

माझं सगळं पश्चात्तापाचं ओझं एका क्षणात रागात गेलं. "म्हणजे मला कामाला लावलंत तुम्ही! तुमची भीती माझ्या हातून खरी करून घेतलीत!" मी बरंच काही बोलले. ऑपरेशन झालेल्या माणसाला बोलू नये असं. ते ऐकत होते. पण त्यानं माझं ओझं उतरलं असं नाही. ते नकार घ्यायला आले होते, हे खरं. तो मी खूष होऊन दिला, हेही तितकंच खरं.

एवढं झाल्यावर माणूस शहाणा व्हावा की नाही? अशा ऑपरेशननंतर कानात खळगा राहतो, तो दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून साफ करून घ्यावा लागतो, जन्मभर. दिगंबररावांनी पहिलीच तारीख चुकवली. "कार्यालयात काम होतं." मी वहिनींना फोन केला, पुढच्या आठवड्यात रजा टाकली आणि दोघी मिळून त्यांना एसटीत बसवून सोलापूरला घेऊन गेलो. अख्खा रस्ता ते कुरकुरत होते.

तिथं बाकावर आमच्या शेजारी लोहारा तालुक्यातली एक बाई बसली होती, मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीच्या कानात कापसाचा बोळा. बाई मला विचारत होती, "इथं लई येळ लागतो का? संध्याकाळची गाडी हुकती मग. तसं जास्त न्हाय, पाणी येतंय नुसतं. परत यावं का?"

मी उत्तर द्यायच्या आत दिगंबररावांनी टोपी काढली. हा माणूस चारचौघांत कधी टोपी काढणारा नव्हता. ते त्या मुलीकडं झुकले आणि डाव्या कानाची पाळी स्वतःच्या हातानं पुढं दुमडून मागची बाजू दाखवली. कापल्याचा व्रण होता, आणि व्रणाखाली जागा आत बसली होती.

मुलगी बघत राहिली. मग तिनं बोट लावलं. दाबून बघितलं. तिच्या आईनं हात ओढला, पण दिगंबरराव म्हणाले, "असू दे."

"हितं हाड न्हाय?" मुलीनं विचारलं.

"न्हाय."

"मला हाय." तिनं स्वतःच्या कानामागं चाचपून पाहिलं. "तुमचं कुठं गेलं?"

दिगंबररावांनी पाळी सोडली आणि टोपी परत घातली.

"परत जाऊ म्हणत बसून राहिलो," ते म्हणाले, "तेवढ्यात गेलं."

बाईनं माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. पायाशी ठेवलेली पिशवी उचलून तिनं बाकाखाली नीट सरकवली, मुलीला मांडीवर सावरून घेतलं, आणि आमच्या मागचा नंबर धरून बसून राहिली.